वाटणीत आलेली जीप

मानवी संस्कृतीची सुरुवात एका ठिणगीपासून झाली, असं मी शाळेत शिकलो आणि पुढे बराच काळ मानतही आलो. लातूरच्या एका सरकारी कचेरीच्या आवारात, जीपच्या बॉनेटखाली डोकं घालून काही दिवस काढल्यावर मात्र माझं मत बदललं. ठिणगी पडणं ही फारशी मोठी गोष्ट नाही. ती पुन्हा पडणं आणि पडत राहणं, हे अवघड. संस्कृतीचं काय ते त्या विषयाच्या जाणकारांनी पाहावं.

जिल्हा नवा होता आणि दुष्काळ जुना. नांदेडला डिप्लोमा करून मी नुकताच नोकरीला लागलो होतो. माझ्याकडे हातपंप दुरुस्तीचं पथक दिलं होतं. पथक म्हणजे मी, एक फिटर, चाचा नावाने ओळखले जाणारे वयस्क ड्रायव्हर आणि एक जीप. पंपाचे लांब लोखंडी पाइप एसटीच्या टपावर घ्यायला कंडक्टर तयार नसत. त्यामुळे पथकातला खरा महत्त्वाचा सदस्य जीपच होती, आणि ते तिला माहीत असावं असं तिचं वागणं होतं.

भावाभावांची वाटणी होते तेव्हा मोठा भाऊ भांडी ओट्यावर मांडतो, वाजवून पाहतो आणि बद्द आवाजाची धाकट्याकडे सरकवतो. जिल्ह्यांची वाटणी याच रीतीने होते, फक्त कागदांवर शिक्के जास्त असतात. आमच्या वाट्याला किल्ली नसलेली कपाटं आली, पाठ नसलेल्या खुर्च्या आल्या आणि ही पेट्रोलवर चालणारी जीप आली. बटण दाबताच इंजिन फिरवणारी जी मोटर असते, जिला सगळे सेल्फ म्हणतात, ती काढून ठेवून घेतलेली होती. सेल्फच्या जागी एक भोक होतं. गाडी सुरू करायची तर पुढच्या बंपरच्या भोकातून लोखंडी हँडल आत घालायचं आणि गरागरा फिरवायचं. चाचाही जीपबरोबर वाटणीतच आले होते. ते तेवढे चांगल्या स्थितीत होते.

आल्यावर जीप ठीक चालली. मग नव्या जिल्ह्याच्या सोहळ्याची टूम निघाली. कोणी तरी मोठी व्यक्ती येणार होती, आणि आमच्या साहेबांनी ठरवलं की कचेरीची सगळी वाहनं पांढरीशुभ्र होऊन एका ओळीत उभी राहतील. वाहनं दोन होती. रंगारी आला तो असा तसा नव्हता. त्याने जीपचा एक एक नट उकलला, खालची धूळ पुसली, आत रंग दिला, नट बसवला, नटाला रंग दिला. इतकं मन लावून केलेलं काम सरकारी खात्यात मी पुन्हा पाहिलं नाही. सोहळ्याच्या दिवशी जीपला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला. साहेबांनी भाषणात तिचा उल्लेख केला. तहानलेल्यांच्या दारी गंगा घेऊन जाणारा रथ, असं काहीसं म्हणाले. मी फिटरकडे पाहिलं, फिटरने चपलेकडे पाहिलं.

त्यानंतर रथ बंद पडायला लागला.

बंद पडण्याची तऱ्हा वेगळी होती. पेट्रोल कमी पडलेलं इंजिन आधी खोकतं, धापा टाकतं, मग थांबतं. ही जीप कोणी दिवा मालवावा तशी मरायची. खड्डा आला की मेली. कधी दुसऱ्या खड्ड्यात परत जिवंत व्हायची आणि सायलेन्सरमधून असा बार काढायची की बांधावरची शेरडं उधळायची. हॉर्न वाजत राहायचा, दिवे लागत राहायचे, इंजिन तेवढं गप्प. म्हणजे ठिणगी जात होती. एवढं निदान मी पहिल्याच दिवशी केलं आणि माझं मलाच कौतुक वाटलं.

पुढे गाडं अडलं. ठिणगी आहे की नाही हे बघायची एक साधी रीत आहे. प्लगची वायर काढायची, तिचं टोक इंजिनाजवळ धरायचं आणि दुसऱ्याने हँडल मारायचं. ठिणगी असेल तर उडते. आमची जीप रस्त्यात मेली की मी वायर धरायचो, चाचा हँडल मारायचे, आणि दर वेळी टक् करून निळी, टवटवीत ठिणगी उडायची. ज्या दुखण्याची तक्रार घेऊन यावं ते डॉक्टरसमोर नेमकं नाहीसं व्हावं, तसं. मग वायर परत लावायची, हँडल मारायचं, गाडी सुरू. दोन शेतं ओलांडली की पुन्हा शांतता.

मी प्लग बदलले. करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या पॉइंटना पॉलिश पेपर मारला. कंडेन्सर बदलला. ठिणगीला जोर देणारी कॉइल बदलली. स्टँडमागच्या गॅरेजवाल्याने डाळ मिलची भुकटी हवेत असते, ती आत जाते असं सांगून कार्बोरेटर धुऊन दिला. प्रत्येक दुरुस्तीनंतर जीप सुरू व्हायची आणि आम्ही एकमेकांकडे समाधानाने पाहायचो. फिटरने लिंबू-मिरची बांधली. चाचांचं मत वेगळं होतं. ते म्हणायचे, "साब, इसकू फोटू की नजर लगी." मला हे हास्यास्पद वाटलं. नंतर कळलं की सगळ्यांच्या निदानात त्यांचंच सत्याच्या सगळ्यात जवळ होतं.

याच दिवसांत ती बाई कचेरीत आली.

निलंग्याच्या बाजूच्या एका गावातली. गावाबाहेर आमच्या समाजाची वस्ती, आणि वस्तीत एक हातपंप. दुष्काळात बोअरमधलं पाणी खाली गेलं होतं. पाइप वाढवून पंपाचा सिलिंडर खोल सोडला की पाणी मिळणार होतं. काम सकाळभराचं. पण त्या वस्तीकडे निघालो की जीप वाटेत पुन्हा पुन्हा मरायची, हँडल मारून चाचा थकायचे आणि आम्ही ती ढकलत किंवा कुठल्या ट्रॅक्टरला बांधून परत आणायचो. असं बरेचदा झालं होतं. म्हणून बाई स्वतःच एसटीने आली होती. पन्नाशीची असेल. दारात उभी राहून तिने जो नमस्कार केला तो आमच्या घरचा होता. कचेरीतल्या दोन माना वर झाल्या. मीही उठून तोच नमस्कार केला. माना खाली गेल्या.

"तुमची जीप काय करायली, बापू?" तिने विचारलं. "आमच्याकडं यायला लाजती का?"

हेडक्लार्कांना विनोद करायची सवय होती. त्या वस्तीकडे निघालं की जीपलाही कळतं, असं ते फायलीतून डोकं न काढता म्हणाले. कोणी हसलं नाही, पण कोणी आश्चर्यही दाखवलं नाही.

बाईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती मला सांगत राहिली, भाजीचा भाव सांगावा तशी. पंप बंद, त्यामुळे गावच्या विहिरीवर जावं लागतं. आता जमाना तसा राहिला नाही, कोणी येऊ नका म्हणत नाही. फक्त घागर खाली ठेवायची आणि लांब व्हायचं.

"त्यांच्या मनाला आलं की वरून वततेत," ती म्हणाली. "निम्मं घागरीत, निम्मं मातीत. मातीला जात न्हाई, म्हनून तिला आमच्या आदी मिळतंय."

मी चहा मागवला. तिने तो घेतला, बशी पुसून ठेवली आणि जाताना म्हणाली, "या म्हनत न्हाई आता. आलात की कळंलच."

त्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर सोहळ्याचा फोटो काचेखाली लावलेला होता. फोटोत अर्धी जीप आणि पूर्ण साहेब. त्यांनी एक कागद पुढे केला. जीपचं इंजिन दुरुस्तीपलीकडे गेलं आहे, वाहन निकामी ठरवावं, असा दाखला होता. माझी सही हवी होती. जीप निकामी ठरली की नव्या वाहनाची मागणी पाठवता येत होती. नवं वाहन म्हणजे मोटारगाडी, हे मला हेडक्लार्कांकडून आधीच कळलं होतं. मोटारगाडीवर पाइप ठेवत नाहीत.

मी म्हणालो, इंजिन चांगलं आहे.

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, की तरुण वयात यंत्रांवर जीव बसतो, पण प्रशासनाला भावनेपलीकडे पाहावं लागतं. इंजिन मेलेलं आहे.

"मेलेलं इंजिन हँडल मारलं की उठत नाही, साहेब."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. नव्या जिल्ह्यात खिडकीबाहेर पाहण्यासारखं फार काही नव्हतं. मग त्यांनी तोडगा काढला. पाइप चढवा, त्या वस्तीवर जा, काम करा आणि जीप तिच्या चाकांवर परत आणा. जमलं तर कागद फाडू. ओढून आणावी लागली तर गुमान सही करायची, आणि वस्तीचं काम पुढच्या वर्षीच्या आराखड्यात घेऊ. त्यांच्या दृष्टीने हा उदारपणा होता. जीप तिथवर पोचत नाही हे सगळ्या कचेरीला माहीत होतं. मलाही होतं.

"चालेल," मी म्हणालो.

पाइप टपावर बांधून आम्ही सकाळी निघालो. चाचा गाडी अशी हाकत होते जणू मागे बाळंतीण झोपली आहे. तरीही जीप दोनदा मेली, दोनदा हँडलने उठली. गाव आलं. वस्तीला जायला गावाच्या चौकातून पुढे, उतारावरून ओढा ओलांडून जावं लागायचं. चौक संपून उतार सुरू होतो तिथे एक दगड चाकाखाली आला आणि जीप थांबली, थेट पारासमोर.

पारावर मंडळी होतीच. दुष्काळात पार कधी रिकामा नसतो. धुवट धोतर नेसलेले एक मोठे शेतकरी उठून आले. पाइपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब, कशाला उगं तरास घेता," ते म्हणाले. आवाजात खरंच काळजी होती. "वस्तीचा रस्ता लई वाईट हाय. पाइप हितंच उतरवा. चौकातला बोअर बी आटलाय, त्यात सोडा. समद्या गावाची सोय होईल. त्यांना बी देऊ की आमी पाणी."

"वरून?" मी विचारलं.

ते टोपी सारखी करून पारावर जाऊन बसले. मला जाणवलं, की आता जीप सुरू झाली नाही तर पाइप इथेच उतरतील, माझ्या परवानगीने किंवा तिच्याविना. आणि सही तर करावीच लागेल.

नेहमीसारखं चाचा हँडल घेऊन पुढे आले. मी त्यांना थांबवलं. हँडल मारून ठिणगी पाहायची आणि ती आहे म्हणून खूश व्हायचं, हा खेळ पुरे झाला होता. गाडी मेलेली असताना, मेलेल्या अवस्थेतच मला ती पाहायची होती. मी चावी चालू ठेवली, वितरकाची टोपी काढली, म्हणजे ज्याला सगळे डिस्ट्रिब्युटर म्हणतात त्याची. कॉइलची जाड वायर इंजिनाजवळ बांधली आणि आतले पॉइंट लाकडी मुठीच्या पेचकसाने उघडझाप करून पाहिले. इंजिन न फिरवताही अशा वेळी ठिणगी पडायला हवी.

पडली नाही. पुन्हा केलं. नाही. पहिल्यांदाच ती जीप माझ्यासमोर खरं बोलत होती.

मी तसाच उघडझाप करत राहिलो. चाचा उभं राहून कंटाळले असावेत. त्यांनी हँडल बंपरच्या भोकात घालून ठेवलं, फिरवलं नाही. आणि वायरीच्या टोकाशी टक् करून निळी ठिणगी उडाली.

"चाचा," मी म्हणालो, "हँडल बाहेर काढा."

त्यांनी काढलं. ठिणगी गेली.

"आत घाला."

टक्.

"बाहेर."

गेली.

"आत."

पारावरून कोणी तरी म्हणालं, "साहेब चाचाची कवायत घ्यायलेत." हशा पिकला. चाचांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मला ऊन लागलं आहे. "साब, ठीक हैं ना?"

मी इतका ठीक कधीच नव्हतो. इंजिन रबरी गुटक्यांवर बसवलेलं असतं. हँडलचं एक टोक इंजिनात शिरतं आणि मधला भाग बंपरवर टेकतो. बंपर चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, आणि चासीला बॅटरीचं एक टोक जोडलेलं. म्हणजे हँडल आत असलं की इंजिन आणि चासी जोडली जात होती, आणि बाहेर काढलं की तुटत होती. बॅटरीतून निघालेला करंट परत बॅटरीपर्यंत जायला वाट लागते. हा आठवीचा धडा आहे. जायची वाट आम्ही इतके दिवस तपासत होतो, तिच्यावरची प्रत्येक वस्तू बदलली होती. परतीच्या वाटेकडे कोणी पाहिलंच नव्हतं. आणि तपासायच्या वेळी दर खेपेला हँडल घालून आम्हीच ती वाट जोडून देत होतो. एरवी चोकच्या आणि ॲक्सिलरेटरच्या तारांच्या आधाराने करंट कसाबसा परत जात असणार. खड्डा आला की तोही आधार सुटायचा.

परतीची खरी वाट म्हणजे इंजिनाखाली, चासीला जोडणारी वेणीसारखी विणलेली तांब्याची पट्टी. मी जीपखाली शिरलो. पट्टी जागेवर होती. पांढरीशुभ्र होती. मी बोल्ट उकलला. बोल्ट पांढरा, वायसर पांढरा, पट्टीचं टोक दोन्ही बाजूंनी पांढरं, आणि ते जिथे टेकतं ती चासी पांढरी. रंगाचा थर इतका एकसारखा होता की त्यातून करंटच काय, कौतुकही आरपार जाणार नव्हतं. दुसऱ्या टोकाला, इंजिनाकडे, तेच. बंपरच्या भोकाचा रंग तेवढा हँडलने घासून कधीच उडाला होता.

मी खालूनच चाचांना सांगितलं, की तुमची नजर सापडली. त्यांनी वाकून पाहिलं आणि अतिशय शांतपणे रंगाऱ्याच्या खानदानाविषयी काही तरी म्हणाले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कानस आणि पॉलिश पेपर घेऊन दोन्ही टोकं घासली. नाण्याएवढ्या जागेत लोखंड चमकलं, इकडे आणि तिकडे. पट्टी घासून तांबं लाल केलं. बोल्ट आवळला. मग मी हँडल हातात घेतलं, चाचांकडून काढून, आणि पुढे न लावता सीटखाली टाकलं. जीप उताराच्या तोंडाशी उभी होती. चाचा बसले, गिअर टाकला, मी आणि फिटरने मागून रेटा दिला. पारावरून मदतीला कोणी आलं नाही, आणि ते बरंच झालं. जीप घरंगळली, क्लच सुटला आणि इंजिन एकदम बोलायला लागलं, बार न काढता. आम्ही धावत जाऊन मागून चढलो. मी पाराकडे पाहून हात जोडले. त्यात नम्रता किती होती हे मी आता सांगू शकत नाही.

ओढ्यातला रस्ता खरंच लई वाईट होता. त्या गृहस्थांनी खोटं सांगितलं नव्हतं. जीप प्रत्येक दगडावर आदळली आणि एकदाही गप्प झाली नाही.

वस्तीच्या तोंडाशी बाई उभी होती. आवाज ऐकून बाकीच्या बायाही बाहेर आल्या होत्या.

"आली वं आली," ती म्हणाली. "ढकलीत आनली का?"

"नई अम्मा," चाचा खिडकीतून म्हणाले, "अपने पाँव से आई."

पंप उकलायला वस्तीतले सगळे हात लागले. पाइप एकेक करून बाहेर काढले, नवे जोडले, सिलिंडर खाली सोडला. फिटरने पंपाचा दांडा मारायला सुरुवात केली. बराच वेळ नुसता हवेचा आवाज येत होता. मग गढूळ आलं, मग लालसर, मग स्वच्छ. बाईने फिटरला बाजूला केलं, स्वतः दांडा मारला, घागर काठोकाठ भरली आणि खाली ठेवून हात झटकले.

"हात दुखतेत," ती म्हणाली. "बरं हाय."

दुसरी कळशी भरून ती जीपकडे आली. चाचा रेडिएटरचं झाकण काढून उभे होते. तिने आत डोकावून पाहिलं.

"हिला वरूनच वतावं लागतं का?"

मी हो म्हणालो.

"मंग हिला वत," असं म्हणून तिने कळशी माझ्या हातात दिली, आणि सगळी वस्ती हसली. मी ओतलं. एक थेंब खाली पडू दिला नाही.

संध्याकाळी जीप तिच्या चाकांवर कचेरीच्या आवारात शिरली. साहेब व्हरांड्यात होते. चाचांनी गरज नसताना हॉर्न वाजवला. दाखल्याचा कागद साहेबांनी फाडला नाही, पण खणात ठेवला, आणि तो पुन्हा बाहेर आला नाही. पथक राहिलं. त्या उन्हाळ्यात आम्ही आणखी पुष्कळ वस्त्यांवर गेलो, आणि कुठल्या वस्तीकडे निघालो हे जीपला कधी कळलं नाही.

एवढं सगळं घडवणाऱ्या त्या ठिणगीविषयी काही तरी उदात्त लिहावं, असं मला अधूनमधून वाटतं. पण पुढच्या आठवड्यात मला मेमो मिळाला. शासकीय वाहनाचा नवीन रंग पूर्वपरवानगीशिवाय दोन ठिकाणी खरवडल्याबद्दल खुलासा मागवला होता. सोबत त्याच रंगाचा डबा आणि एक ब्रश होता.